कोल्हापुरात कुणाला दुखत नाही

माझ्या थिसिसचा विषय होता दुखणं, आणि मला माणसं मिळाली कोल्हापूरची. आता बोला.

तसा माझ्या विषयाचा आमच्या कोल्हापूरजवळच्या उचगावात आधीपासूनच आनंद होता. शरीरक्रियाशास्त्रात एमडी करते आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग दवाखाना कुठं टाकणार?" दवाखाना नाही, मी शिकवणार आणि संशोधन करणार, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. शेजारच्या काकूंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी हुशार हुती की वो, मग असं कसं झालं?" मला उत्तर सुचलं होतं, पण ते काकूंना सांगण्यासारखं नव्हतं.

शरीर बिघडलं की त्याच्याकडे सगळेच बघतात. मला ते धडधाकट चालू असताना बघायला आवडायचं. जिना चढल्यावर धडधडणारं काळीज आपलं आपण शांत होतं, उन्हातून आलं की घाम येऊन अंग निवतं, आणि या सगळ्यात आपल्याला कुणी काही विचारत नाही. इतकी शिस्तीची संस्था मी दुसरी पाहिलेली नाही. दुखणंही याच शिस्तीतलं. ते शरीराचं बोलणं आहे, आणि ते कोण किती लवकर ऐकतं हे मला मोजायचं होतं.

प्रयोग अगदी साधा होता. टबात बर्फाचं पाणी घ्यायचं आणि माणसानं त्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा. दुसऱ्या दंडाला बीपीचा पट्टा. दुखायला लागलं की 'दुखतंय' म्हणायचं, सहन होईना झालं की हात काढायचा. दोन्ही वेळा मी टिपणार. कुणाला इजा होऊ नये म्हणून वेळेची एक मर्यादा ठरलेली होती. तिथवर कुणी पोचलाच तर मी स्वतः त्याचा हात बाहेर काढणार. पण तिथवर सहसा फारसं कुणी पोचत नाही, असं पुस्तकांत लिहिलं होतं.

पुस्तकं लिहिणारे इकडे आलेले नसावेत.

माणसं जमवायचं काम आबांनी अंगावर घेतलं. आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म त्यांनी शाहूपुरीत मोटारपंपांच्या दुकानात काउंटरमागं उभं राहून काढला. नुकतेच घरी बसले होते आणि त्यांना काम हवंच होतं. "माणसं पायजेत न्हवं? तू फकस्त बर्फ आण," ते म्हणाले. मी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी रिक्षात घालून कॉलेजात न्यायची, आणि आबांची माणसं वेळेवर हजर व्हायची. एमडीची इतर मुलं एकेका माणसासाठी हातापाया पडत होते. माझ्या लॅबबाहेर रांग होती. मी जरा भाव खाऊन घेतला.

पहिला आला तो दुकानातला पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक. हात पाण्यात गेला, आणि थोड्याच वेळात त्याच्या कपाळावर घाम आला. बीपी चढायला लागलं. मी विचारलं, "दुखतंय का?"

"कशाला दुखतंय?"

मर्यादा आली. मीच त्याचा हात बाहेर काढला. पुढचा होता आमच्या गल्लीतला, तालमीत जाणारा. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "म्याडम, दुसरा हात बी टाकू का?" डेअरीत दूध घालणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं. दुखतंय का म्हटल्यावर एक डोळा उघडून म्हणाल्या, "न्हाय बाई. गार गार बरं वाटतंय."

असं रोज. बीपी सांगे एक, तोंड सांगे दुसरं. माझ्या गाईड मॅडम नागपूरच्या, शिस्तीच्या आणि तिखट जिभेच्या. त्यांनी आकडे बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांचा आकडा एकच? ही माणसं आहेत का मोटारपंप?" मग हसू आवरून म्हणाल्या, "हे बघ, कुणाला दुखतच नसेल तर दुखण्यावर थिसिस होत नाही. विषय बदलावा लागेल. आणि आता विषय बदलला की तुझं वर्ष गेलं."

मला रडू आलं, ते मी जिन्यात उरकून घेतलं. मग कामाला लागले. बर्फ जास्त घातला. थर्मामीटर बदलला. बघ्यांमुळे फुशारकी मारत असतील म्हणून दार लावून घेतलं. आत फक्त मी आणि तो माणूस, तरी उत्तर तेच, "न्हाय." घरी येऊन मी ताट पुढं ओढलं आणि म्हटलं, "असंच चाललं तर माझं वर्ष जाणार."

आबांनी घास तसाच ठेवला. "असं कसं जाईल? बघतो मी."

त्यानंतर आलेली माणसं तर आधीच्यांपेक्षा वरचढ. एक काका मर्यादा आली तरी हात काढू देईनात. मी ओढतेय आणि ते टबाची कड धरून बसलेत. "आनि थोडं राहू द्या की ताई, माझं काय जातंय?" मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. ते हसून म्हणाले, "व्हईल, व्हईल, काळजी करू नगा."

मॅडम म्हणाल्या, एकदा घरचं माणूस बसव, त्याला आकड्यांत धरू नकोस, पण त्याच्याकडे नीट बघ. माझ्या घरचं माणूस म्हणजे आबाच. मॅडमनी त्यांना आधी स्वतः तपासलं आणि बीपी उत्तम आहे म्हणून परवानगी दिली.

आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, लग्नाला आल्यासारखे. लॅब दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर ते पायरीवर टेकले. "वारं घेतो जरा." तिथं वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी घड्याळ बघत उभी राहिले, कारण टबातला बर्फ वितळत होता.

त्यांनी हात पाण्यात घातला आणि समोरच्या भिंतीवर नजर लावली. मी या वेळी प्रश्न विचारायची घाई केली नाही, नुसती बघत राहिले. खांदे ताठ झाले. जबडा आवळला. चपलेत पायाची बोटं मुठीसारखी मिटली. बीपी चढत होतं. मी रोज अनोळखी माणसांत बघायची तेच सगळं होतं, फक्त आता ते माझ्या बापाच्या अंगावर होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

"आबा, दुखतंय का?"

"न्हाय."

"काढा हात."

"वेळ झाली?"

"नाही झाली. पण काढा."

"मग न्हाय काढत."

मर्यादा व्हायच्या आधीच मी तो हात उचलला आणि टॉवेलात गुंडाळला. लालबुंद झाला होता. आबांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "असं कशापायी केलंस? आता तुझं मार्क गेलं की."

"कसले मार्क?"

"तुझ्या परीक्षेचं! माणूस जितका वेळ हात ठेवंल तितकं मार्क न्हवं?" आणि मग जरा ऐटीत, "मी परत्येकाला बजावून धाडलंय. पोरीची परीक्षा हाय, जीव गेला तरी दुखतंय म्हणायचं न्हाय. वरीस जातंय म्हटल्यावर तर आनि कडक बजावलं. आनि कुणी म्हटलं बी न्हाय. आपली माणसं हायेत."

मी स्टुलावर बसले. मेकॅनिक, तालमीतला पोरगा, डेअरीच्या मावशी, टबाला लटकलेले ते काका. मला ती त्यांची फुशारकी वाटत होती. ती सगळी बिचारी बर्फात हात घालून मला पास करत होती. मला इतकं हसू आलं की शेजारच्या लॅबमधून मॅडम बघायला आल्या. त्यांना सांगितलं, तर त्याही हसता हसता खुर्चीत बसल्या. आबा तेवढे हसेनात. त्यांना आपलं काय चुकलं तेच कळेना.

मी त्यांचा हात चोळत सांगितलं, "आबा, मला 'दुखतंय' हेच ऐकायचं होतं. जो खरं सांगेल, त्याचाच मला उपयोग. लवकर म्हटलं तरी चालतं. गप्प बसलं की माझं काम अडतं."

"मग आधी सांगायचं की," ते चिडून म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. मॅडमनी मला सगळ्या चाचण्या नव्यानं घ्यायला लावल्या, आणि आबांनी पुन्हा माणसं जमवली, या वेळी उलटं बजावून. आकडे हवे तसे विखुरले आणि माझं वर्ष वाचलं. तालमीतला तो पोरगा तर हात पाण्याला लागायच्या आत ओरडला होता, त्याला परत बोलवावं लागलं. आता मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. रुग्णाला काही विचारायच्या आधी, उत्तर काहीही आलं तरी चालतं हे त्याला सांगा, असं बजावते. ती वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी आबांना खाली सोडायला निघाले. एक जिना उतरलो आणि मघाच्याच पायरीवर ते पुन्हा टेकले. मी म्हटलं, "वारं घेताय?"

टॉवेलातला हात आबांनी बाहेर काढला आणि डाव्या गुडघ्यावर ठेवला.

"दुखतंय म्हटलं तर तुझं काम व्हतंय न्हवं?"

"हो, आबा."

"मग हे बी लिव्हून घे," ते म्हणाले. "ह्यो गुडघा. लई वर्सं झाली."