काकांचा ट्रॅक्टर आणि शेंदूर

माझ्या थोरल्या काकांना यंत्रातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि हे त्यांना सोडून बोदवडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या तरी बागेतून मोडीत निघालेला ट्रॅक्टर त्यांनी स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत घरी आणला आणि त्याच तोऱ्यात मोटेचे बैल विकून टाकले. ट्रॅक्टरला पट्टा लावून विहिरीवरचा पंप चालायचा. म्हणजे तो सुरू झाला तर पाणी, नाहीतर सगळ्यांनी आभाळाकडे बघत बसायचं.

त्या वैशाखात तो सुरू होईना. पाटाच्या शेवटाला आईच्या वाट्याची केळी होती, नुकती निसवलेली, घड बाहेर पडू लागलेली. वडील गेल्यापासून आमचं पोट त्या केळीवर होतं, आणि तिची पानं करपून लोंबायला लागली होती. काका रोज सकाळी धोतर खोचून हँडल मारायचे. इंजिन नुसतं खोकायचं. मग 'दृष्ट लागली' असा निकाल देऊन ते तेलात कालवलेल्या शेंदराचं आणखी एक बोट प्लगांवर ओढायचे. ठिणगी पडते तिथं देव, हा त्यांचा शोध. दसऱ्याला एकदा लावला असता तर समजू शकलो असतो. हे गृहस्थ रोज लावायचे. अशा माणसाच्या हातात आमचं पाणी होतं, या विचारानं आजही माझं डोकं फिरतं.

एके दिवशी मी त्यांना हँडल मारायला लावलं आणि डोक्यावरून गोणपाट घेऊन प्लगांवर वाकलो. त्या अंधारात दिसलं. निळी ठिणगी आत जायची सोडून धूळ-काजळी खाल्लेल्या त्या लेपावरून बाहेरच्या बाहेर उतरत होती. मी रॉकेलचा बोळा घेतला, तर काकांनी मनगट धरलं.

"देवाचा शेंदूर पुसायचा नाई. सांगून ठेवतो तुले."

आई बांधावर उभी होती. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे, घरात तशी रीतच होती. पदर पुढं ओढून ती मला म्हणाली, "तुया काकाले सांग, देवाले पानी लागत नाई, केळीले लागते."

आणि माझ्या हातातला बोळा घेऊन तिनं एकेक प्लग स्वतः पुसला. धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही, एवढं मात्र काका कटाक्षानं पाळायचे. ते बाजूला सरकले.

पुढच्याच हँडलला इंजिन धडधडलं. पाटाला पाणी सुटलं, काकांच्या केळीचे वाफे भरत पुढं आलं. आई फावडं घेऊन पाण्याच्या बरोबरीनं चालत होती. पाणी तिच्या पहिल्या वाफ्यात शिरलं आणि मागं इंजिन थांबलं.

मी धावत विहिरीवर गेलो. बिघाड काही नव्हता. काकांनीच ते बंद केलं होतं. यंत्राला विधवेचा हात लागला होता. आता गोमूत्र शिंपडून, चांगला दिवस बघूनच ते पुन्हा सुरू करायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांची स्वतःची केळी तेवढी भिजून झाली होती.