खिडकीच्या जागेचा अर्ज

अख्ख्या पुण्यात स्वतःसाठी काहीही नको असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो घरमालक होता. पुण्यात भाड्याने राहिलेली माणसं हे वाचून मला खोटारडा म्हणतील; म्हणोत बापडी. बिबवेवाडीतल्या या घरमालक काकांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं काढली. यवतमाळहून आलो होतो, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो होतो, आणि या एवढ्या शहरात मला नावाने हाक मारणारी माणसं दोनच होती: माझा मॅनेजर आणि खालचे काका. मॅनेजर हाक मारायचा ती काम चुकल्यावर.

काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले मराठी ख्रिस्ती गृहस्थ. काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा कॅनडात. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी विसावा घ्यावा, असं म्हणणारे पुष्कळ असतात. काका तो कचेरीच्या शिस्तीने घ्यायचे. रविवारचा मटणाचा रस्सा शनिवारी शिजायचा, बूट शनिवारी पॉलिश व्हायचे, इतकंच काय, रविवारची दाढीही शनिवारी संध्याकाळीच उरकलेली असायची. चर्चला ते देऊळ म्हणायचे, आणि त्या देवळात दर रविवारी किंचित खुंट वाढलेल्या गालांनी, मोठ्या समाधानाने बसायचे. दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: 'रविवारी विसावा आहे. काम असल्यास सोमवारी यावे. काम नसल्यास बसावे.' एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसलो, तेव्हा त्यांनी पाटीकडे नुसतं बोट केलं. "आपण यातल्या कोणत्या ओळीत येता, ते ठरवा," म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. मग आम्ही दोघं तासभर समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. त्यांना ते जमत होतं. मी मात्र दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतो.

पण त्यांचा खरा कारभार चालायचा तो रोज संध्याकाळी आठला, प्रार्थनेच्या वेळी. नोकरी सुटली तरी आवक-जावक सुटली नव्हती. एका जाड वहीत ज्याच्या-त्याच्या अडचणी क्रमाने लिहिलेल्या असत आणि काका त्या रोज वाचून देवापुढे ठेवत. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे आवाज खणखणीत, आणि खिडकी उघडी. त्यामुळे कुणाच्या सुनेचं माहेरी बिनसलंय आणि कुणाला मूळव्याध झालीय, हे देवाच्या बरोबरीने सगळ्या गल्लीला कळायचं. वहीचा नियम एकच होता. काम झाल्याचं त्या माणसाने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय नाव खोडायचं नाही. "अर्ज मी वर पाठवतो. निकाली निघाला हे कळवणं अर्जदाराचं काम," काका म्हणायचे. आता अडचण सांगायला माणसं येतात. ती टळल्याचं सांगायला कोण येतंय? माझ्याआधीचा भाडेकरू फौजदार होऊन लग्न करून मोकळा झाला होता, तरी इथे रोज त्याच्या पूर्वपरीक्षेसाठी प्रार्थना चालू. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या दाढेसाठी तर चार वर्षं विनवणी झाली. शेवटी तो वैतागून आला. "काका, ती दाढ काढून टाकली हो. तोंडातच नाही ती."

"मग कळवायचं नाही का?" काका म्हणाले. "मी इथं घसा कोरडा करतोय." आणि वही काढून त्यांनी ती दाढ रीतसर खोडली. खोडताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. तो माणूस चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या घरात आला होता.

मलाही त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, "तुझं काय लिहू?" काय सांगणार? एकटं वाटतं, असं काही हेडक्लार्कला सांगता येत नाही. आमची कंपनीची बस कात्रजहून भरून यायची आणि खिडकीशेजारची जागा मला कधीच मिळायची नाही. काचेला डोकं टेकून झोपावं एवढीच त्या दिवसांतली माझी महत्त्वाकांक्षा होती. मी तेच सांगितलं. काकांनी गंभीरपणे लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून कॅनडातल्या मुलाला घरची आठवण येऊ दे, याच्या पाठोपाठ, "प्रभू, वरच्या खोलीतल्या सुहासला बसमध्ये खिडकीची जागा मिळू दे," हे सगळी गल्ली ऐकू लागली. मुलाचा अर्ज वहीत सगळ्यात जुना होता. मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या नावावर काहीच कसं नाही?" तर म्हणाले, "मला काय कमी आहे? चहा झालाय, पाठीला खुर्ची आहे. बाकीचं मी प्रभूवर सोपवतो आणि झोपतो. सोपवल्यावर परत मीच कशाला उचलून बसू?" आणि खरंच, नऊ वाजता त्यांचं घोरणं गच्चीपर्यंत यायचं. मी जागाच असायचो.

पुढे पगार वाढला, मी हिंजवडीला राहायला गेलो. आता चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली गाडी आहे, आणि शेजारच्या दारामागे कोण राहतं ते मला ठाऊक नाही. जाऊ, जाऊ म्हणता सहा वर्षं गेली. परवा बिबवेवाडीत काम निघालं आणि पाय आपोआप त्या फाटकाशी थांबले. आठ वाजले होते. खिडकी उघडी होती. आवाज आता कापरा झाला होता, पण क्रम तोच होता. आधी कॅनडा, आणि मग, "प्रभू, वरच्या खोलीतल्या सुहासला बसमध्ये खिडकीची जागा मिळू दे." सहा वर्षं मी कुणाच्याच ध्यानात नाही असं समजून जगत होतो, आणि इथे माझं नाव रोज घेतलं जात होतं. मला रडू आवरेना.

आमेन झाल्यावर आत गेलो. काकांनी चष्मा वर करून बघितलं, ओळखलं, आणि पहिल्यांदा हात वहीकडेच गेला. पेनाचं टोपण काढत म्हणाले, "काय रे, मिळाली का जागा?"

गाडीची किल्ली माझ्या हातात होती. ती मी खिशात टाकली.

"नाही काका, अजून नाही."

"मिळेल, मिळेल," म्हणत त्यांनी टोपण परत लावलं आणि पायाने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "काम नसेल तर बस."

मी बसलो. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो.