देवासमोरच्या खुर्च्या

कापराचा वास आला की जुन्या हुबळीतल्या देवळाचा सभामंडप आठवतो. मी फिजिओथेरपिस्ट; गुडघे झिजलेल्या बायकांसाठी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना सोबत घेऊन तिथं व्यायामवर्ग ठेवला होता. मी खुर्च्या मांडल्या, तर बायकांनी त्यांवर पिशव्या ठेवल्या आणि स्वतः कण्हत जमिनीवर बसल्या. “अक्का, खाली बसायचं नाही म्हणून किती सांगू?” मी चिडले. “देवासमोर खुर्चीत बसायचं होय?” त्यांच्यातल्या थोरल्या अक्का माझ्यावरच खेकसल्या. शेवटी खुर्च्या अंगणात ओढल्या, व्यायाम झकास झाला. सुटले म्हणेपर्यंत आत आरती झाली अन् प्रसादाला सगळ्या पुन्हा मांडी घालून बसल्या. खाऊन झाल्यावर अक्कांनी हात वर केला, “मॅडम, उठवा आता.” डॉक्टर, आहारतज्ज्ञ केव्हाच गेले होते, एकेकीला मीच ओढून उठवलं. गुडघे त्यांचे, पण कंबर माझी धरली. ती अजून धरते.