शुक्राचा ठिपका आणि शेजारची कोंडलेली खोली

धूप आणि ओकारीचा वास एकत्र आला की मी अजूनही उठून खिडक्या उघडते. त्याला कारण २००४ सालचा जून.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला राहायचो. मी शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टी चालू होती. शेजारची सून सात महिन्यांची गरोदर होती. दुपारी सासूचा डोळा लागला की ती माझ्याकडे येऊन बसायची. शुक्र सूर्यावरून सरकताना दिसणार असं पेपरात आलं होतं, म्हणून मी तिला त्या इंग्रज पोराची गोष्ट सांगितली.

साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा, विशीतला गरीब पोरगा. मोठमोठ्या पंडितांची कोष्टकं सांगत होती की त्या वर्षी शुक्र सूर्यासमोरून जाणार नाही. यानं गणित पुन्हा मांडलं आणि म्हणाला, जाणार. त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं, खोलीत अंधार केला, दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडलं आणि वाट बघत बसला. मध्येच त्याला दुसऱ्या कामासाठी जावं लागलं.

"मग चुकलं?" तिनं काळजीनं विचारलं.

"नाही. परत आला तर ठिपका बिंबावर आलेला. सूर्य मावळायला अर्धा तास होता. तेवढ्यात त्यानं सगळं मोजलं."

चंद्र पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरतो हेही त्यानंच दाखवलं, आणि बाविशीतच तो अचानक गेला. त्याचे कागद काही जळले, काही हरवले; उरलेले वीसेक वर्षांनी छापले.

"माझ्या भावाएवढा होता की," ती म्हणाली. "काकू, मलापण दाखवाल?"

ठिपका दिसायचा होता त्या दिवशी दोननंतर पश्चिमेच्या गॅलरीत ऊन आलं. मी स्टँडवर दुर्बीण बांधली, खाली पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावला. बशीएवढा सूर्य, त्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. मी धावत तिला बोलवायला गेले.

दार सासूनं उघडलं. "ती येणार नाही, टीचर. टीव्हीवर महाराजांनी सांगितलंय, पोटुशीनं आज सावलीसुद्धा बघायची नाही."

"मावशी, हे ग्रहण नाही. आणि ग्रहणानंही काही होत नाही."

"तुमच्या शाळेत शिकवा ते."

आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मी सासूला बाजूला सारून आत गेले. खिडक्यांना पेपर चिकटवलेले, पंखा बंद, कोपऱ्यात धूप. सकाळपासून ना पाणी, ना अन्नाचा कण. पोरीनं बादलीत ओकारी काढली होती, साडीवरही सांडली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि तिचा नवरा बाहेरच्या खोलीत आरामात क्रिकेट बघत होता. मला त्या वासाची नव्हे, त्या तिघा शहाण्यांची किळस आली. तिसरा तो टीव्हीवरचा महाराज, बोटांत अंगठ्या घातलेला.

"पाणी दे तिला," मी नवऱ्यावर ओरडले.

"आई म्हणेल तसं," तो म्हणाला. टीव्हीवरून नजर काढली नाही त्यानं.

मीच तिला पाणी पाजलं. दोन घोट घेतले आणि तिनं मान टाकली. मग मात्र नवऱ्याला रिक्षा आणण्याची बुद्धी झाली. दवाखान्यात सलाईन लावलं. तिला शुद्ध आली तेव्हा पाच वाजून गेले होते. ठिपका सूर्यावरून उतरला होता.

"दिसला का हो?" तिनं विचारलं.

"दिसला."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढं पुन्हा कधी तिनं माझ्याकडे आकाशाचा विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली, धडधाकट. सासू पेढे घेऊन आली, वर सुनावलंही: "बघा, त्या दिवशी आम्ही सगळं पाळलं, म्हणून पोर सुखरूप."

मी पेढा घेतला. "अभिनंदन, मावशी," म्हणाले आणि तिच्यासमोर खाल्लाही. सासूवरचा माझा राग आता ओसरलाय. न भांडता खाल्लेल्या त्या पेढ्याची शिसारी मात्र अजून जात नाही.