उखर्डू आबा एकदाच घुटमळले

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात उखर्डू आबांना लग्नाचं आमंत्रण देताना लोक मनातून प्रार्थना करतात, की यांनी यावं, जेवावं, पण बोलू नये. शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबलं तेव्हा आबाच उठले. "आते पुरे करा भाऊ, बठ्ठा लोके भुक्या शेतस." पाहुणे बसले. टाळ्या मात्र आबांना पडल्या.

याच आबांच्या नातीला, दिपमालाला, पाहायला पुण्याची मंडळी आली. मुलाच्या वडिलांनी तूप ओतून चार बट्ट्या खाल्ल्या. मग म्हणाले, "मुलगी फार गोड आहे. घरी बोलून कळवतो. तोवर नोकरीची घाई नको, बरं का." घरात अर्धं लग्न उरकलं. दिपमालाला धुळ्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. तिने हजर व्हायची तारीख पुढे ढकलून घेतली. एकदा, मग पुन्हा एकदा. तीन महिने झाले. आता शेवटची तारीख उद्याची होती.

"आबा, तुम्हीच इचारा," ती म्हणाली.

मी शेजारचाच; मुलाच्या वडिलांना फोन मीच लावून दिला आणि आबांना खेटून बसलो. पलीकडून पाऊसपाणी, कापूस, मुलाची कंपनी, ग्रहयोग असं सगळं झालं. आबा तापले. "भाऊ, हो का नही?"

"अहो, असं तोंडावर काय विचारता! आमचं महिन्यापूर्वीच दुसरीकडे ठरलं. तुम्ही समजून घ्याल असं वाटलं होतं."

समजून घ्या म्हणे! माझा तर संताप झाला. आता आबा यांची सालटी काढणार म्हणून मी कान टवकारले. आबांनी गुपचूप फोन माझ्या हातात दिला.

दारात दिपमाला उभी होती. "काय सांगं त्यासनी?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "तसं... पोर चांगली शे म्हने. पोऱ्यानी कंपनी... योग बी... कळावतस."

मी आबांकडे बघतच राहिलो. हा माणूस पुण्याला कधी गेलाही नव्हता.

दिपमाला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, 'नही' सांगाले त्यासले तीन महिना लागनात. तुमले तरी नका लागू द्या."

"नही," आबा म्हणाले. उभ्या गावाला सुनावणारा तो आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"बरं," म्हणत तिने डोळे पुसले आणि गणवेशाला इस्त्री करायला घेतली.