भिंत मी फोडली

"पेपर टाक आधी," तो म्हणाला.

मी सोफ्यावर बसायला वाकले होते. वॉचमनची बायको चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, शिळा तेलुगू पेपर आणला आणि पांढऱ्या सोफ्यावर पसरला. माझ्याकडं बघितलं नाही. मी त्या पेपरावर बसले.

सरकारी दवाखान्यात नर्स आहे मी. ड्यूटी संपवून थेट आले होते. इस्त्रीची साडी, स्वच्छ पाय. समोर बसलेले सोसायटीचे लोक तळ्याकाठी फिरून आलेले, बुटांना ओला चिखल. त्यांच्याखाली पेपर नव्हता.

तो म्हणजे सोसायटीचा प्रेसिडेंट. आमच्या बस्तीशेजारी तळ्याला लागून टॉवर झालेत, त्यांचा. इथंच हिमायतनगरात वाढलेला, पण घरात मराठी. दारात मी मराठी बोलले तेव्हा खूष झाला होता. "अरे वा, आपल्यातल्याच!" मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते. तेही सांगितलं. त्याचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली आला. आणि मग पेपर.

मी माझ्या बापाच्या मरणाचं बोलायला गेले होते.

बाबा परभणीकडून आले. सिकंदराबादला रेल्वेत गँगमन लागले. त्यांनी इथं घर बांधलं तेव्हा फक्त तळं होतं, तळ्याच्या मध्ये कडुलिंबाचं बेट होतं, आणि वरून पाणी आणणारा नाला होता. कितीही पाऊस होऊ दे, नाला सगळं तळ्यात नेऊन टाकायचा. बस्तीत घोटाभर पाणी कधी आलं नाही.

मग बिल्डर आला. त्यानं नाला बुजवला आणि त्याच वाटेवर टॉवर उभे केले. वरच्या अंगाला आडवी भिंत घातली. आता पाणी भिंतीला अडायचं आणि वळून आमच्या घरात शिरायचं. जाहिरातीच्या बोर्डावर बेटाचा फोटो लावला होता. आमच्या बस्तीच्या जागी हिरवळ दाखवली होती.

भिंत झाल्यावरच्या पावसाळ्यात बाबा खाटेवर होते. अर्धं अंग लकव्यानं गेलेलं. मी ड्यूटीवर. पाणी खाटेच्या वर चढलं. शेजारची यादम्मा, चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी विकते ती, पोहत आल्यासारखी आत शिरली. तिनं बाबांना पाठीवर घेऊन उंचावरच्या बुद्धविहारात नेलं. तोवर नाल्याचं घाण पाणी त्यांच्या नाकातोंडात गेलं होतं. न्यूमोनिया झाला. माझ्याच दवाखान्यात, माझ्यासमोर गेले. किती लोकांना मी ऑक्सिजन लावून घरी पाठवलंय. बाप नाही पाठवता आला.

हे सगळं मी त्या पेपरावर बसून सांगितलं. भिंतीला निदान खिडकी ठेवा, पाण्याला वाट द्या, म्हणलं.

तो चहा पीत होता. म्हणाला, "वाईट झालं. पण तुम्हा लोकांना सवय असते ना पाण्याची. आमच्या खाली तळघरात, सेलरमध्ये, गाड्या असतात."

एका बाईनं बिस्कीट उचललं.

मी उठले. "भिंत तुम्ही पाडणार का?"

"लीगल आहे सगळं."

"तर मग मी पाडते."

ते हसले. मी चपला घालेपर्यंत हसत होते.

बस्तीत येऊन यादम्माला सांगितलं. ती भाजीवर पाणी मारत होती. हात न थांबवता म्हणाली, "बोलके कायकू आयी? तोड के बोलना था."

आम्ही घाई केली नाही. म्युनिसिपालटीत अर्ज आधीच देऊन झाले होते. तिथले साहेब येऊन भिंतीपुढं फोटो काढून गेले होते. आम्ही पावसाची वाट बघितली.

तो भरदुपारी आला, धो धो. पाणी भिंतीला लागून चढायला लागलं. बस्तीतल्या बाया सब्बल, म्हणजे पहारी, घेऊन निघाल्या. तेलुगू बाया, आमच्या विहारातल्या बाया, दोन मुसलमान घरच्या. पण मी आधी सेलरमध्ये गेले. तिथं वॉचमनचं कुटुंब राहतं, गाड्यांच्या मागं पत्र्याच्या खोलीत. त्याच्या बायकोला म्हणलं, पोरं काढ, सामान काढ, पाणी येणार. तिनं विचारलं नाही कुठून. पोरं वर पोचवली, गाठोडं जिन्यात टाकलं आणि माझ्यामागं पावसात आली.

"मेरे कू भी एक सब्बल दो," म्हणाली.

फ्लॅटवाल्यांना मी सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही.

पहिला घाव माझा. हाताची सालटं निघाली. बाबांचं नाव घेऊन मारत होते. एक दगड हलला, मग दोन, मग पाण्यानंच भिंत ढकलली. आम्ही बाजूला उड्या टाकल्या. नाला सरळ गेला. त्याला त्याची वाट कुणी दाखवावी लागली नाही. टॉवरच्या रॅम्पवरून खाली, सेलरमध्ये. एकेक गाडी उचलली गेली. हॉर्न आपोआप वाजत होते.

प्रेसिडेंट पँट वर करून रॅम्पवर उभा होता. मला बघून ओरडला, "शिकलेल्या आहात ना तुम्ही? लाज वाटत नाही?"

"नाही," मी म्हणाले.

खरंच नाही वाटली. आनंद झाला. पोटातून, हिरवागार आनंद. लोक म्हणतात सूड वाईट. त्यांनी असा आनंद घेतलेला नाही. त्या दिवशी बस्तीत एकाही चुलीला पाणी लागलं नाही.

आता माझ्यावर केस आहे. पहिलं नाव माझं, दुसरं यादम्माचं. खात्याची चौकशी चालू आहे, नोकरी जाईल म्हणतात. वॉचमनला काढून टाकलं. ते कुटुंब आमच्या गल्लीत राहतं. प्रेसिडेंटनं निरोप पाठवला होता, सगळ्यांसमोर माफी मागा, केस मिटवतो. मी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि दार दाखवलं.

भिंत परत घालायची हिंमत अजून झालेली नाही. पण बिल्डर गप्प बसलेला नाही. बेटावर क्लब काढायचाय त्याला. काठापासून बेटापर्यंत रस्ता करायला तळ्यात मलबा टाकणं सुरू केलंय. आम्ही काठावर ताडपत्री बांधलीय. बाया पाळीपाळीनं बसतात, टिप्पर आला की आडव्या होतात. शहरातून चांगली माणसं येतात. बगळ्यांचं बोलतात, पर्यावरणाचं बोलतात. बोलू देत. बगळे मलाही आवडतात.

पण मी तिथं बगळ्यांसाठी बसत नाही. मी हिशेबानं बसते. त्या बेटावर त्यांचा एक दिवा लागू देणार नाही. आज एक टिप्पर परत गेला, उद्या दुसरा जाईल. बिल्डर बुडेल, फ्लॅट रिकामे पडतील, आणि प्रेसिडेंट एक दिवस ताडपत्रीखाली येईल हात जोडून, आता पुरे करा म्हणत. येईलच.

मी त्याचं सगळं ऐकून घेईन. आणि नाही म्हणेन.