हवालदाराची बढती

गल्लीत त्यांना सगळे ‘खूनवाल्या बाई’ म्हणत. विमा कचेरीतली टायपिस्टची नोकरी संपली, नवरा गेला, आणि दोन खोल्यांत त्या आणि नणंद अशा दोघीच उरल्या. तेव्हापासून बाई रहस्यकथा लिहीत. दहा निघाल्या होत्या. सगळ्यांत तोच इन्स्पेक्टर आणि तोच हवालदार.

लिहिण्याची रीत ठरलेली. प्रकरण झालं की मोठ्याने वाचायचं. इन्स्पेक्टर बाई, हवालदार नणंद. नणंद शिवणयंत्रावर बसलेली असे. आपली पाळी आली की पायडल थांबवायची, ओठांतल्या टाचण्या काढायची आणि म्हणायची, “चहा आणू का, साहेब?” पहिल्या दोन पुस्तकांत हवालदाराला दुसरं काम नव्हतं.

तिसऱ्यात ती भडकली. “वहिनी, हा माणूस आहे की किटली? एवढी मढी बघितली, ह्याच्या डोक्यात काहीच उजेड पडला नाही?”

“मग त्याने काय विचारावं म्हणता, वन्सं?”

“मेलेल्या बाईच्या चपला कुठायत, ते विचारावं. साहेबाला नाही सुचायचं.”

चपलांवरून खुनी सापडला, आणि मग हवालदार आवरेना. पाचव्या पुस्तकात तो साहेबाला तोंडावर ‘चुकताय’ म्हणाला, सातव्यात परीक्षा पास झाला, दहाव्यात साहेबाशेजारी त्याची खुर्ची आली. साहेबही तोच राहिला नाही. आधी ऐटबाज गडी. पण एका निरपराध माणसाला त्याने आत टाकलं, आणि तेव्हापासून तो प्रत्येक कबुलीजबाब दोनदा वाचू लागला. जिना चढताना गुडघे धरू लागला, ते वेगळंच.

अकराव्याचे कागद वाचून प्रकाशकाने बाईंना बोलावून घेतलं. “वाचक मधलंच कुठलंही पुस्तक उचलतो, बाई. त्याला साहेब चाळिशीचा हवा आणि हवालदार गमतीचा. पहिल्यासारखं करा. नाहीतर हे आम्हाला काढता येणार नाही.”

दुसरा प्रकाशक ओळखीचा नव्हता. बाई घरी आल्या आणि पहिलं प्रकरण नव्याने टाइप केलं. नणंदेने कागद घेतला, वाचला. टाचण्या ओठांतच राहिल्या. मग तिने त्या एकेक करून यंत्राशेजारच्या इवल्या उशीत खोचल्या.

“हा कोण?”

“हवालदार.”

“आपला नाही. आपल्याने मागच्या वेळी मंत्र्याच्या भावाला दंडाला धरून गाडीत बसवलं. तो आता ‘जी साहेब, जी साहेब’ करणार? मी नाही वाचत, जा.”

“वन्सं, पुस्तक निघणार नाही.”

“नाही निघालं तर नाही. आणि तुमचा साहेब? त्या निरपराध माणसाला विसरला होय? विसरला असेल तर नालायक आहे मेला.”

हे मात्र बाईंना लागलं. त्या उठल्या आणि प्रकाशकाला फोन लावला.

“पुस्तक आहे तसंच छापायचं.”

“थोडा विचार करा, बाई.”

“माझी माणसं ठेचा खाऊन शहाणी झालीत. त्यांना परत बावळट करायला मी बसलेली नाही.”

“मग कागद घेऊन जा तुमचे.”

“येते उद्या.”

अकरावं पुस्तक कपाटावर पडलंय. बारावं सुरू आहे. त्यात इन्स्पेक्टर निवृत्त झालाय, त्याच्या घरी चोरी झालीय, आणि तो आपल्याच जुन्या ठाण्यात तक्रार द्यायला आलाय.

“ह्याला आत बसवू की रांगेत उभा करू?” नणंदेने विचारलं.

“मला काय विचारता? ठाणं तुमचं.”

“मग रांगेत.”